जाळीचं दुसरं टोक

"आता पंप बंद करा आणि पडद्याकडे बघा," इंजिनिअर साहेब म्हणाले.

पंप बंद झाला आणि पडद्यावरचा आकडा जागच्या जागी थांबला. पंप पुन्हा सुरू केला, तसा तो पुन्हा नाचायला लागला. कंट्रोल रूममधल्या सगळ्या माना एकदम दाराकडे वळल्या. दारात नवा पंप बसवणारा इलेक्ट्रिशियन उभा होता. त्याला सगळी गिरणी फटाफट म्हणायची, कारण कोणतंही काम सांगितलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "फटाफट करून देतो."

कागदाची गिरणी ती. लगद्याच्या टाकीत लगदा किती आहे हे टाकीवरचं यंत्र सांगायचं, आणि ते सांगणं लांबलचक केबलमधून कंट्रोल रूममध्ये पोचायचं. साहेबांनी टाकीचं झाकण उघडून आत बघायला लावलं होतं. लगदा बिचारा शांत होता, जेवढा होता तेवढाच होता. पडद्यावरचा आकडा मात्र तापल्या तव्यावर पडलेल्या थेंबासारखा उड्या मारत होता, आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवून झडप उघडमीट करत होती. त्यामुळे कागद इथे जाड, तिथे पातळ. असला कागद कोण घेणार? मशीनवरून उतरलेला रोल न रोल परत लगदा व्हायला जात होता. गिरणी सकाळपासून स्वतःचंच खाऊन रवंथ करत बसली होती म्हणा ना.

साहेब तसे विचारी होते, आवाज न चढवणारे. पण त्यांच्या बोलण्याचा रोख स्पष्ट होता. नव्या पंपाचा वेग कमीजास्त करणारं जे ड्राइव्ह असतं, त्याचा विजेचा गोंगाट टाकीची लेव्हल सांगणाऱ्या केबलमध्ये शिरतो आहे. का शिरतो आहे? ड्राइव्ह नीट बसवलं नाही म्हणून, किंवा त्याची जाड केबल या केबलला खेटून नेली म्हणून. केबलमध्ये दुसरा दोष सापडला तर ठीक, नाहीतर हे काम फटाफटच्या खात्यावर. तो कंत्राटी माणूस होता, आणि त्याला कायम करायचं का नाही हे याच आठवड्यात ठरायचं होतं. साहेबांनी ते बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती.

"रेडिओताई, तुम्ही एकदा केबल चालून या," साहेब म्हणाले.

रेडिओताई म्हणजे गिरणीची इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. तिच्या खिशात कायम एक छोटा रेडिओ असायचा. गाणी ऐकायला नाही. दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर तो लावायचा आणि केबलच्या कडेकडेने चालायचं. जिथे विजेचा गोंगाट जास्त, तिथे रेडिओ गुरगुरायला लागतो. नव्या माणसांना हे बघून हसू यायचं, आणि महिन्याभरात तीच माणसं तिच्याकडे रेडिओ उसना मागायला यायची. ही विद्या आणि तो रेडिओ, दोन्ही तिला सासऱ्यांकडून मिळालं होतं.

सासरे याच गिरणीत मास्तर होते. शाळेतले नव्हेत, केबलचे. ही केबल त्यांनीच टाकली होती. टाकीपासून निघायची, बॉयलरला लांबून वळसा घालायची, गोदामाच्या भिंतीवरून जायची, सांडपाण्याच्या नाल्यावरून उडी मारायची आणि कंट्रोल रूममध्ये उतरायची. चालणाऱ्याला धाप लागावी एवढी लांब. वळण म्हणून कुठे ताणलेलं नाही, क्लिप म्हणून कुठे तिरकी नाही. मास्तरांची केबल खोटं बोलत नाही, असं गिरणीत म्हणायचे. घरी तर हे वाक्य मास्तर स्वतःच म्हणायचे, आणि इतक्यांदा म्हणायचे की त्यांचा मुलगा, म्हणजे ताईचा नवरा, बसची ड्युटी संपवून घरात शिरतानाच म्हणायचा, "कळलं बाबा, नाही बोलत."

मास्तर गेल्या वर्षी निवृत्त झाले होते. शेवटच्या दिवशी ते स्क्रूड्रायव्हर घेऊन आपल्या प्रत्येक जंक्शन बॉक्सला भेट देऊन आले होते. समारंभाला त्यांची वाट बघून बघून हार सुकला, तरी यांचा पत्ता नाही. सगळ्यांना त्याचं फार कौतुक वाटलं होतं. ताईला सगळ्यांपेक्षा जास्त.

तिने रेडिओ खिशातून काढला आणि फटाफटला शिडी घ्यायला सांगितलं.

खरं सांगायचं तर तिला हा माणूस आवडत नव्हता. घाई फार. काम करून गेला की खाली टेपचे तुकडे, वायरीची सालं. आणि तोंड अखंड चालू. आताही शिडी खांद्यावर घेऊन तो बडबडत होता, की बसवताना पुस्तकात सांगितलंय तसंच बसवलंय, की गिरणीत काही बिघडलं की आधी कंत्राटी माणूसच दिसतो, वड्याचं तेल वांग्यावर. ताई ऐकत नव्हती. ती रेडिओ ऐकत होती.

ड्राइव्हच्या पेटीजवळ रेडिओ चांगलाच गुरगुरला. ते ठीकच होतं, ड्राइव्ह म्हटलं की गोंगाट आलाच. पण तिथून फटाफटची जाड केबल जसजशी पुढे जात होती, तसतशी ताईच्या मनातली कुरकुर कमी होत गेली. त्याने केबल वेगळ्या ट्रेमधून नेली होती. लेव्हलच्या केबलपासून चांगलं अंतर ठेवलं होतं. जिथे एकमेकींना ओलांडायची वेळ आली, तिथे त्याने ती आडवी, काटकोनात नेली होती, जेमतेम तेवढ्यापुरती. मास्तरांनी बघितलं असतं तर खांद्यावर हात ठेवला असता.

"काम चांगलं केलंयस," ती म्हणाली.

फटाफटने चकित होऊन शिडी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

मग गोंगाट आत शिरत कुठून होता? ताई कंट्रोल रूममध्ये परतली आणि तिने पॅनेल उघडलं. अशा केबलमध्ये वायरींभोवती एक जाळी असते, अंगावर पांघरूण असावं तशी. बाहेरचा गोंगाट त्या जाळीने अंगावर घ्यायचा आणि जमिनीत सोडून द्यायचा. त्यासाठी जाळीचं टोक अर्थिंगला जोडतात. पण फक्त एक टोक. दुसरं कापून, टेप लावून मोकळं ठेवायचं. दोन्ही टोकं जोडली की जाळीतूनच करंट फिरायला लागतो आणि पांघरूणच चावायला उठतं. मास्तर नव्या माणसांना हे त्यांच्या पद्धतीने सांगायचे, "वाऱ्यासाठी खिडकी एकच उघडायची. समोरासमोर दोन उघडल्या की टेबलावरचे कागद उडतात."

ताईने कंट्रोल रूमकडचं टोक अर्थिंगपासून सोडवलं. पंप सुरूच होता. पडद्यावरचा आकडा थरथरला आणि शहाण्यासारखा उभा राहिला.

साहेब खुर्चीतून उठून जवळ आले. त्यांनी स्वतः मीटर लावून बघितलं. इथलं टोक सोडलं आहे, तरी जाळी अर्थिंगला लागलेलीच दाखवत होती. म्हणजे आणखी कुठेतरी ती जमिनीला टेकलेली होती. दुसरी खिडकी उघडी होती.

"टाकीकडचं टोक?" त्यांनी विचारलं.

ताईने मान हलवली. ते मोकळं आहे, मी स्वतः सोडलंय, असं तिने खात्रीने सांगितलं. वाटेत कुठेतरी उंदराने केबल कुरतडली असेल, नाहीतर क्लिपने साल फाटली असेल. साहेबांनी आज दिवस मावळायच्या आत कारण हवं म्हणून सांगितलं. फटाफट दारातून सगळं ऐकत होता.

दोघं पुन्हा निघाली. गोदामाच्या भिंतीवर केबलचा मधला बॉक्स होता. तिथे जाळी दोन्हीकडून वेगळी करून तिने मीटर लावलं. कंट्रोल रूमकडची बाजू स्वच्छ. दोष टाकीकडच्या बाजूला. तिने जाळी परत जोडून बॉक्स बंद केला. नाल्यावरून जाताना तिने केबलवरून हात फिरवत नेला, पोटाखालून, वळणावरून. कुठे दात लागलेला नाही, कुठे साल फाटलेली नाही. इतकी वर्षं ऊन, वाफ, चुन्याची धूळ खाऊन केबल जशीच्या तशी होती. दोष शोधायला आलेली बाई मनातून फुशारत चालली होती. असं माणसाचं असतं.

टाकीखाली ती ओलसर, उबट जागा. भिंतीवर शेवटचा बॉक्स. ताईने झाकणाचे स्क्रू काढले.

आत हिरव्या नळीत घातलेलं जाळीचं टोक होतं. तीन पदरांची वेणी घातलेलं, टोकाला मेणाच्या दोऱ्याने बांधलेलं, आणि त्याच दोऱ्याने अर्थिंगच्या पट्टीला घट्ट आवळलेलं. दोऱ्याची गाठ आतल्या अंगाला वळवलेली होती, म्हणजे कुणाच्या बोटाला, कपड्याला अडकू नये. अशी गाठ गिरणीत एकच माणूस मारायचा. मास्तरांनी कितीजणांना शिकवायचा प्रयत्न केला, ताईलासुद्धा. कुणालाच जमली नाही.

काखेत कळसा नि गावाला वळसा.

ती तिथेच पालथ्या बादलीवर बसली. सगळं लख्ख आठवलं. जुनी कंट्रोल रूम होती तेव्हा तिथलं अर्थिंग खराब होतं, म्हणून मास्तरांनी जाळी टाकीकडच्या टोकाला जोडली होती. पुढे कंट्रोल रूम नव्या इमारतीत गेली. तिथलं अर्थिंग उत्तम, म्हणून ताईने उलटं केलं. तिकडे जोडलं, इकडे सोडलं. मास्तर तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर होते. तिने घरी चहा देताना त्यांना सांगितलं होतं. बरं केलंस, असं ते म्हणालेही होते. आणि शेवटच्या दिवशी, सगळ्या बॉक्सना भेटायला म्हणून इथे आल्यावर, त्यांना आपलं टोक सुटलेलं, टेप लावून टाकून दिलेलं दिसलं असणार. कुणीतरी आळस केला असं वाटलं असणार. त्यांनी बसून, निगुतीने, आयुष्यभर जसं जोडत आले तसं ते जोडून टाकलं. हातांना सगळं आठवत होतं. तिने सांगितलेलंच काय ते डोक्यातून निसटलं होतं. नवा पंप येईपर्यंत त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

गेले काही महिने घरी नळ वाहता राहायचा. चष्मा डोळ्यावर असताना शोध चालायचा. पोर शाळेतून आलं का, हे पोर समोर जेवत असताना विचारलं जायचं. नवरा म्हणायचा, वय झालं, चालायचंच. तीही तसंच म्हणायची. आता या बॉक्समध्ये बघितल्यावर तसं म्हणायची सोय राहिली नाही.

फटाफटने वाकून आत बघितलं. गाठ त्यानेही ओळखली. गिरणीत आल्या आल्या मास्तरांनी त्यालाही ती मारायला बसवलं होतं. तो सरळ झाला आणि शिडीला टेकला. एरवी तोंड न मिटणारा माणूस, पण ताई आता साहेबांना काय सांगणार हे त्याने विचारलं नाही. टोक कापायचं, तिकडचं टोक परत जोडायचं आणि 'जोड साफ केला, बरं झालं' एवढं सांगायचं, इतकं सोपं होतं ते. मास्तरांचं नाव झाकलं गेलं असतं. पण पंप बंद केल्यावर आकडा थांबला हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. कारण मोघम राहिलं तर बोट पंपाकडेच राहणार होतं, आणि त्या बोटाखाली हा माणूस उभा होता, ज्याचं काम मास्तरांना आवडलं असतं.

ताईने दोन्ही हातांनी गाठ सोडवून बघितली. पक्कड लावून बघितली. गाठ ढिम्म हलली नाही. शेवटी तिने कटर घेतला. टोक कापलं. उरलेल्या टोकावर टेप लावली आणि साहेबांना फोन केला.

"साहेब, टाकीकडच्या टोकाला अर्थिंग जोडलेलं होतं. मास्तरांनी जोडलंय, त्यांच्या शेवटच्या दिवशी. दोन्हीकडून जोडलं गेलं म्हणून गोंगाट शिरत होता. पंपाचं काम चोख आहे."

मग साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "मास्तरांनीच? नक्की?"

"त्यांचीच गाठ आहे. दुसऱ्या कुणाला येत नाही."

हे सांगताना आपली मान ताठ झाली हे तिच्या लक्षात आलं. सांगत होती सासऱ्यांची चूक, आणि आवाज निघाला होता पोराचा पहिला नंबर सांगावा तसा. तिला त्याची लाज वाटली नाही. कंट्रोल रूमकडचं टोक परत जोडा म्हणून तिने सांगितलं, आणि थोड्याच वेळात साहेबांचा निरोप आला की आकडा खांबासारखा उभा आहे, तुम्ही या. फटाफटने शिडी उचलली. खाली पडलेला टेपचा तुकडा त्याने वाकून उचलला आणि खिशात टाकला.

दोघं नाल्यावरून परत निघाली.

कापलेलं टोक ताईच्या खिशात होतं. घरी जाताना तिने ते दोनदा फेकायला काढलं. सांगायचं की नाही? गिरणीतली गोष्ट गिरणीत राहत नाही, उद्यापरवा कुणीतरी रस्त्यात हसत हसत सांगणारच. मग ती त्यांना परक्याकडून कळणार. आणि न सांगावं, तर ज्यांनी तिला मीटर धरायला शिकवलं त्यांच्याशीच खोटं बोलणं आलं. पण सांगायचं म्हणजे नुसती चूक सांगायची नव्हती. बाबा, तुम्ही विसरायला लागलात, हे सांगायचं होतं.

मास्तर पुढच्या खोलीत खिडकीशी बसून शेजारच्या टेलरच्या इस्त्रीची वायर दुरुस्त करत होते. टेलरचं दुकान भिंतीला भिंत लावून होतं आणि दोघांच्या गप्पा खिडकीतूनच चालायच्या. ताईने चहा आणून ठेवला. मास्तरांनी रोजचा प्रश्न विचारला, "काय म्हणते माझी केबल?"

ताईचं रोजचं उत्तर, सरळ आहे. आज ती समोर बसली.

"आज खोटं बोलली, बाबा."

मास्तरांनी इस्त्री खाली ठेवली. तिने सगळं सांगितलं, पंपापासून मधल्या बॉक्सपर्यंत, ज्या क्रमाने शोधलं त्या क्रमाने. ते मध्ये मध्ये मान हलवत होते, परीक्षा घेतल्यासारखे. मग तिने खिशातून ते टोक काढून चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

"हे टाकीकडचं आहे," मास्तर म्हणाले. "ते जोडलेलंच असतं."

"कंट्रोल रूम हलली तेव्हा मी उलटं केलं होतं. तुम्हाला सांगितलं होतं."

"मला सांगितलं होतंस?"

"हो."

"मग मी काय म्हणालो?"

"बरं केलंस म्हणालात."

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. टेलरचं मशीन चालू होतं. ताईला वाटलं, उगाच बोलले, झाकून ठेवायला हवं होतं. तिला त्यांचा हात धरावासा वाटला, पण या घरात तशी सवय नव्हती. मास्तरांनी ते टोक उचललं, चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ धरलं, वेणीवरून अंगठा फिरवला.

"गाठ सुटली नाही का?"

"नाही. कापावी लागली."

"पक्कड लावून बघितलीस?"

"बघितली. हललीसुद्धा नाही."

"हं," मास्तर म्हणाले. मग चहाचा एक घोट घेतला. "आणि शोधली कुणी? साहेबांनी का तू?"

"मी."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "घरातल्या माणसाला सापडली."

ताई कप घेऊन आत गेली. ती कढईला उगाच पाणी घालत उभी राहिली. तेवढ्यात बाहेरून मास्तरांचा आवाज आला, चांगला खणखणीत. ते खिडकीतून टेलरला हाक मारत होते. टेलरचं मशीन थांबलं. मास्तर त्याला सांगत होते की इथून त्या चौकाच्याही पलीकडे जाईल एवढी केबल, त्यात चूक कुणाची तर माझी, आणि ती एका दिवसात हुडकून काढली कुणी, तर आमच्या सुनेने. गाठ अशी पक्की की कापावी लागली. टेलर म्हणाला, "असं?" आणि मग कौतुकाने आणखी काही बोलला. इस्त्री खिडकीतून पलीकडे गेली आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

ताईने पोळ्या लाटायला घेतल्या. निम्म्या झाल्या असतील, तोच पुन्हा हाक आली. मशीन पुन्हा थांबलं. चौकाच्या पलीकडे जाईल एवढी केबल, मास्तर सांगत होते, त्यात चूक कुणाची तर माझी. शब्दाला शब्द तेच होते, आणि तितकेच खणखणीत. ताईने लाटणं खाली ठेवलं. ती स्वयंपाकघराच्या दारात आली. मास्तर पाठमोरे होते, ताठ बसलेले, हातात ते हिरवं टोक उंच धरून. खिडकीपलीकडे टेलर गळ्यात टेप घालून उभा होता. त्याने मास्तरांच्या डोक्यावरून ताईकडे बघितलं, क्षणभरच. मग त्याने नजर खाली आणली आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा खिडकीवर रेलला.

"असं?" तो म्हणाला. "आणि मग? गाठ सुटली का?"

"कुठली सुटते," मास्तर म्हणाले. "कापावी लागली."